उचला, ओढा, सोडा : पडद्यामागचा व्यवहार

सोलापूरच्या नवी पेठेत चादर घ्यायला गेलेल्या ग्राहकाचा व्यवहार तसा साधा असतो. ग्राहक फळीवरच्या एका चादरीकडे बोट दाखवतो, दुकानदार ती खाली काढतो, घडी मोडून दाखवतो आणि पसंत पडली की पुन्हा घडी घालून ग्राहकाच्या हाती देतो. देणाऱ्याची पकड सुटण्याआधी घेणाऱ्याची पकड बसलेली असते. ती बसली नाही तर चादर जमिनीवर पडते. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

संगणकाच्या पडद्यावर माऊसने एखादी फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकताना आपल्याला असाच भास होतो. वस्तू उचलली, ओढली, सोडली. संगणकाच्या परिभाषेत याला ‘ड्रॅग अँड ड्रॉप’ म्हणतात. प्रत्यक्षात पडद्यावर कोणतीही वस्तू हललेली नसते. बाणासोबत एक पुसट चित्र सरकत असते आणि त्याच्या आड दोन आज्ञावलींमध्ये देवाणघेवाणीची बोलणी चाललेली असतात. ही बोलणी ठरल्या क्रमाने पार पाडणे हे प्रोग्रॅमरच्या हाती असलेल्या ‘टूलकिट’चे काम. बटणे, खिडक्या, याद्या, मजकुराच्या चौकटी असे तयार सुटे भाग पुरवणारा संच म्हणजे टूलकिट. त्यात बटण घडवणे सोपे, ‘ओढा आणि सोडा’ची सोय करणे मात्र किचकट समजले जाते. बटणाचा संबंध एकाच प्रोग्रॅमशी असतो. ओढण्याच्या क्रियेत मात्र देणारा एक, घेणारा दुसरा आणि दोघे एकमेकांना पूर्णपणे अनोळखी असू शकतात.

‘मूव्ह’च्या कळीपासून माऊसपर्यंत

झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्टार’ या संगणकावर चित्रे होती, माऊसही होता. मात्र एखादा दस्तऐवज हलवायचा तर तो निवडून कळफलकावरची ‘मूव्ह’ ही कळ दाबावी लागे आणि मग नवी जागा दाखवावी लागे. ॲपलच्या ‘लिसा’ (१९८३) आणि ‘मॅकिंटॉश’ (१९८४) या संगणकांनी बटण दाबून धरून ओढण्याची पद्धत लोकांपर्यंत नेली. एका प्रोग्रॅममधून थेट दुसऱ्यात मजकूर वा चित्र टाकण्याची रीत मात्र नव्वदच्या दशकात रुळली. मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या ‘ओएलई २’ या तंत्रात तिची सोय केली, १९९८ मध्ये जावा भाषेच्या संचात ती आली आणि १९९९ च्या ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ५’मधील पद्धत पुढे वेबपानांच्या प्रमाणकाचा पाया ठरली. यंत्रणा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्या पायऱ्या जवळपास सारख्याच आहेत.

टिचकी की ओढ?

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांसाठी चादरीची नक्षी तयार करणारा एक प्रोग्रॅम कल्पनेत आणू. पडद्याच्या डाव्या बाजूला मोर, फुले, वेली अशा नक्षींची यादी आहे, उजवीकडे चादरीचा चौकटींनी आखलेला पट. यादीतला मोर उचलून पटावर ठेवायचा आहे.

वापरणाऱ्याने मोरावर माऊसचे बटण दाबले. आता पहिलाच प्रश्न उभा राहतो. त्याला मोर केवळ निवडायचा आहे की ओढायचा आहे? माणसाचा हात पूर्ण स्थिर नसतो. साधी टिचकी मारतानाही बाण थोडा सरकतो. त्यामुळे टूलकिटला एक उंबरठा ठरवावा लागतो. नॉर्वेत जन्मलेल्या आणि १९९५ मध्ये प्रथम लोकांसमोर आलेल्या ‘क्यूटी’ या टूलकिटमध्ये हा उंबरठा मुळात १० पिक्सेल धरलेला आहे. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. बटण दाबल्या जागेपासून बाण तेवढा दूर गेला तरच ओढणे सुरू झाले असे मानायचे. उंबरठा फार लहान ठेवला तर नक्षी नको तेव्हा जागची हलते, फार मोठा ठेवला तर ती चिकटून बसल्यासारखी वाटते. स्पर्शाने चालणाऱ्या मोबाईलवर अडचण वेगळी आहे. तिथे बोट ओढणे म्हणजे पान सरकवणे. म्हणून बहुधा क्षणभर बोट दाबून धरल्यावरच वस्तू उचलली जाते.

माल एक, रूपे अनेक

ओढणे सुरू होताच देणारा प्रोग्रॅम एक गाठोडे बांधतो. त्यात माल एकच असला तरी तो अनेक रूपांत देऊ केलेला असतो. मोराची नक्षी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मांडणीत असेल, शिवाय साधे चित्र म्हणून आणि नुसते नाव म्हणूनही असेल. गाठोड्यावर या रूपांची यादी लावलेली असते. चादरीचा पट पहिले रूप घेईल, चित्रांचा प्रोग्रॅम दुसरे, पत्रलेखनाचा प्रोग्रॅम कदाचित नावावरच समाधान मानील. रूपांना नावे देण्यासाठी अनेक टूलकिट १९९२ मध्ये ई-मेलसाठी ठरलेली ‘माइम’ ही पद्धत वापरतात.

यादीतले योग्य रूप निवडले गेले नाही तर काय होते, याची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. असा मजकूर साधा मजकूर म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ओढला की फॉन्टचे नाव मागेच राहते आणि लग्नपत्रिकेवरच्या ‘श्री’च्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे अवतरतात. फॉन्टच्या नावासह सजवलेला मजकूर घेतला तर निदान डोळ्यांना तो मराठी दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने हा घोळ मुळातच टळतो. तरीही एक काळजी उरते. ‘सोलापूर’ या शब्दातला ‘सो’ डोळ्यांना एक अक्षर दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ‘स’ आणि त्यावरची मात्रा अशी ती दोन चिन्हे आहेत. ओढलेला शब्द या दोहोंच्या मध्ये पडला तर दोन्ही शब्द मोडतात. म्हणून मजकूर टाकण्याची जागा ठरवताना टूलकिटने पूर्ण अक्षराची हद्द पाळायला हवी.

घेणाऱ्याचा होकार

बाण एखाद्या चौकटीवर आला की टूलकिट तिला विचारते : यातले काही तुला चालेल का? घेणाऱ्याने रूपांची यादी पाहून होकार किंवा नकार द्यायचा असतो. होकार मिळाला तर जागा उजळते, नकार असेल तर बाणाचे ‘मनाई’चे चिन्ह होते. ही विचारणा बाण चौकटीत शिरताना, सरकताना आणि बाहेर पडताना सतत चालू राहते. त्यामुळे उत्तर झटपट द्यावे लागते. प्रत्येक हालचालीला सगळी नक्षी उलगडून तपासणारा प्रोग्रॅम अडखळत चालतो.

ओढत असताना माल स्वतः पाहण्याचा अधिकार घेणाऱ्याला असावा का, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. वेबपानांच्या प्रमाणकाने त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. वाटेत लागणाऱ्या पानाला केवळ प्रकारांची यादी दिसते. आतला मजकूर बटण सोडल्यावर आणि तोही जिथे सोडला त्याच पानाला मिळतो. एखादा खासगी मजकूर ओढून नेताना वाटेतल्या तिऱ्हाइताने तो वाचू नये, हा त्यामागचा हेतू.

आपल्या चादरीच्या पटाला आणखी एक अट आहे. जॅकार्ड मागावर नक्षीचे पंचकार्ड वापरतात. कार्डावर जिथे छिद्र असेल तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आलेली ही युक्ती पुढे संगणकाच्या पंचकार्डांची पूर्वज ठरली. धागा उचलला जातो किंवा जात नाही; अर्धा धागा ही गोष्टच नसते. त्यामुळे माऊस पडद्यावर कुठेही सुटला तरी मोर जवळच्या पूर्ण चौकटीतच बसला पाहिजे. तो नेमका कुठे बसेल, हे सोडण्याआधीच दिसायला हवे. ग्राफपेपरवर रंगवलेल्या नक्षीत एक चौकट चुकली तर ती चूक कार्डावर जाते आणि कार्डावरून प्रत्येक चादरीवर उमटते. पडद्यावरची चूकही त्याच वाटेने कापडापर्यंत पोचू शकते.

आधी पोच, मग खोडणे

बटण सुटले की खरी जोखमीची घडी येते. नक्षीची प्रत टाकायची की मूळ नक्षीच हलवायची? विंडोजमध्ये फाइल त्याच ड्राइव्हवर ओढली तर ती हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. कंट्रोलची कळ धरली तर प्रत, शिफ्टची धरली तर स्थलांतर. प्रत होणार असेल तर बाणाशेजारी अधिकचे लहान चिन्ह दिसते. या संकेतांकडे दुर्लक्ष झाले की ‘फाइल गेली कुठे?’ अशी शोधाशोध सुरू होते.

हलवणे म्हणजे प्रत्यक्षात दोन कामे : नव्या जागी प्रत करणे आणि जुन्या जागची खोडणे. पहिले काम घेणाऱ्याचे. दुसरे काम बहुतेक टूलकिटमध्ये देणाऱ्याचे असते आणि ‘माल मिळाला, हलवला’ अशी पोच आल्यावरच ते करायचे असते. पोच येण्याआधी मूळ प्रत पुसली आणि तेवढ्यात घेणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर मोर ना यादीत राहील ना चादरीवर. दोघांनीही खोडण्याची जबाबदारी घेतली तर मूळ माल दोनदा खोडला जाईल; कोणीच घेतली नाही तर एकाचे दोन होतील. अनेक प्रोग्रॅममधले ओढण्यासंबंधीचे दोष याच ठिकाणी सापडतात. मध्येच ‘एस्केप’ची कळ दाबून वापरणाऱ्याने विचार बदलला तर सर्व काही पूर्ववत व्हावे आणि सोडल्यानंतर पस्तावा झाला तर ‘अनडू’च्या एकाच आज्ञेने दोन्ही बाजू मागे याव्यात, हेही याच व्यवहाराचे भाग होत.

ज्यांना ओढता येत नाही

बटण दाबून धरून हात सरळ नेणे सर्वांना जमतेच असे नाही. कंप असलेला हात, सांधेदुखी, वय किंवा केवळ निकामी होत आलेला माऊस यापैकी काहीही आड येऊ शकते. दृष्टिहीन व्यक्तीसाठी तर सरकणारे चित्र निरर्थकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डब्ल्यूसीएजी २.२’ या वेबविषयक सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी म्हणूनच नवी अट घातली. जे काम ओढून होते ते, ओढणे अनिवार्य असल्याखेरीज, साध्या टिचकीनेही करता आले पाहिजे. शिवाय कळफलकावरून काम करता यावे ही अपेक्षा जुनीच आहे. आपल्या प्रोग्रॅममध्ये मोर निवडून ‘येथे ठेवा’ असे बटण दाबण्याची सोय असली की झाले. फिरून पाहिले तर ही रीत झेरॉक्सच्या त्या ‘मूव्ह’ कळीसारखीच आहे.

नवी पेठेतल्या दुकानात हात थरथरणारे एखादे आजोबा चादर घ्यायला आले, तर दुकानदार ती पिशवीत घालून पिशवीचे बंद त्यांच्या मनगटात अडकवून देतो आणि बंद नीट बसल्याची खात्री झाल्यावरच हात सोडतो. चांगले टूलकिट लिहिणाऱ्यालाही हेच करायचे असते.