गोळीतले शिसे, झाडणाऱ्याच्या रक्तात

रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा धोका समोरच्याला, हे उघडच आहे. झाडणाऱ्याला असतो तो शिशाचा. शिसे जड, मऊ आणि स्वस्त, म्हणून शतकानुशतके गोळ्या त्याच्याच झाल्या. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या मिश्रणातही बहुधा शिशाचेच संयुग असते. चाप ओढला की त्याचा धूर आणि बारीक धूळ उडते. त्यातून रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात आणि नळीत फट असते. तिथूनही ती हातावर येते.

बंदिस्त सरावगृहात हवा खेळती नसेल तर हे शिसे श्वासातून रक्तात जाते, हात न धुता खाल्ले तर पोटातून. कपड्यांवरून ते घरी पोहोचते आणि सर्वाधिक बाधते लहान मुलांच्या मेंदूला. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी छोटे रिव्हॉल्व्हर बाळगणारे बरेच. त्यांच्यासाठी तांब्याच्या हलक्या गोळ्या निघाल्या आहेत. ‘.३८ स्पेशल’ची जुनी शिशाची गोळी साधारण १० ग्रॅमची. काही नव्या गोळ्या त्याच्या निम्म्याहूनही हलक्या. वजन कमी असल्याने त्या वेगाने सुटतात, तरी हाताला बसणारा झटका सहसा कमी असतो.

मात्र वेष्टनावरचे ‘शिसेमुक्त’ नीट वाचावे. अनेकदा ते फक्त गोळीपुरते असते, ठिणगीच्या मिश्रणात शिसे असतेच. सरावानंतर साबणाने हात-तोंड धुणे आणि ते कपडे वेगळे धुणे तांब्याची गोळी वापरूनही सुटत नाही.