गोदामातली रॅक कशी निवडावी?

कुवेत शहराकडून जहराकडे जाताना अम्गराचा औद्योगिक भाग लागतो. भंगाराची आवारं आणि गोदामं ही त्याची ओळख. अम्गरात किंवा आखातात इतरत्र स्टोअर सांभाळणाऱ्यांपुढे एक प्रश्न कधीतरी येतोच: नव्या गोदामात रॅक कोणती घ्यायची? "जास्तीत जास्त माल मावेल ती," असं मालक सांगतो. पण जागा मोजण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. माल कोणत्या क्रमाने बाहेर जाणार, आणि त्याचं वजन कोण पेलणार?

आधी क्रम पाहू. गावाकडे धान्याच्या मातीच्या कोठीला तळाशी तोंड असे. वरून नवं धान्य भरायचं, खालून जुनं काढायचं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं मात्र जमिनीखाली. त्यांचं तोंड वर, म्हणजे शेवटी टाकलेली हळद आधी हाती येणार. तरी अडत नसे, कारण पेव उघडलं की सगळा माल एकदमच काढत.

रॅकचंही असंच आहे. साध्या पॅलेट रॅकमध्ये प्रत्येक पॅलेटपर्यंत फोर्कलिफ्ट थेट पोचते. वाटांमध्ये जागा जाते, पण जुना माल आधी काढता येतो. ड्राइव्ह-इन रॅकमध्ये फोर्कलिफ्ट रॅकच्या आतच शिरते, मधल्या वाटा वाचतात. मात्र भरणं आणि काढणं एकाच बाजूने असेल, तर आतला माल शेवटपर्यंत अडकून राहतो. एकाच लॉटचं पाणी किंवा मीठ असेल तर हरकत नाही. मसाले, बिस्किटं, बेबी फूड अशा मुदतीच्या मालासाठी ही रॅक म्हणजे मागच्या रांगेत मुदत संपण्याची सोय. उतरत्या रोलरवरून पॅलेट आपोआप पुढे आणणाऱ्या रॅकमध्ये जागाही वाचते आणि क्रमही टिकतो. पण आखातातली बारीक धूळ रोलरमध्ये बसते, तेव्हा नियमित सफाईचा खर्च आधीच धरा. पाइप, लाकूड, सळ्या यांच्यासाठी पुढे खांब नसलेली, नुसते हात बाहेर काढलेली कॅन्टिलिव्हर रॅक बरी.

आता उष्णता. कुवेतमधल्या मित्रीबा इथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात पत्र्याचं छप्पर तापतं, गरम हवा वर चढते आणि सगळ्यात वरच्या फळीवरचा माल सर्वाधिक भाजतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून वातानुकूलन नसेल तर वर भांडी, फरशा ठेवा. तेल, रंग, सौंदर्यप्रसाधनं खाली. औषधांना मात्र तापमान राखलेलं गोदामच हवं.

शेवटचा मुद्दा वजनाचा, आणि तो जिवाशी जोडलेला आहे. समजा, प्रत्येक पॅलेट 1 टनाची आहे, एका खणात शेजारी शेजारी 2 पॅलेट आहेत आणि आडव्या बीमचे 4 मजले आहेत. एका खणाचं वजन झालं 8 टन. मधल्या चौकटीवर दोन्हीकडच्या खणांचा अर्धा अर्धा भार येतो, म्हणजे पुन्हा 8 टन. चौकटीचे खांब दोन, म्हणून प्रत्येकावर 4 टन. हा सगळा भार खांबाच्या तळाच्या लहानशा पट्टीतून जमिनीत उतरतो. त्यामुळे काँक्रीटची जाडी आधी तपासून घ्या.

पातळ पत्र्याचा खांब दबून तुटण्याआधी बहुधा वाकतो. 18व्या शतकात लिओनहार्ड ऑयलरने याचं गणित मांडलं: सडपातळ खांबाची आधाराविना लांबी दुप्पट झाली, की तो पेलू शकणारं वजन चौथाई होतं. उंच खोकी बसावीत म्हणून मधला एक बीम काढला, की नेमकं हेच घडू शकतं. रॅक तीच, माल तेवढाच, पण खांब आता कमकुवत. फोर्कलिफ्टच्या धक्क्याने पोचलेला खांबही असाच दगा देतो.

म्हणून दरपत्रक मागवताना नुसत्या पॅलेटची संख्या देऊ नका. सर्वांत जड पॅलेटचं वजन, बीममधलं अंतर, मालाची मुदत आणि फोर्कलिफ्टला वळायला लागणारी जागा लिहून द्या. रॅक उभी राहिली की भारमर्यादेची पाटी तिच्यावर लावून घ्या, तिथल्या कामगारांना वाचता येईल अशा भाषेत. बीम हलवायचा झाला, तर आधी रॅक देणाऱ्याकडून नवी मर्यादा लेखी घ्या आणि मगच पाना हाती धरा.