फळ्यावरचा नियम मोडणारं शिंग

मुलांनो, पोळ्याला बैलांची शिंगं साळतात, त्यांना रंग लावतात, टोकांना शेंब्या बसवतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आता सांगा पाहू, गेल्या पोळ्याला रंगवलेली शिंगंच यंदा बैलाच्या डोक्यावर असतात, की दरवर्षी नवी येतात?

"तीच असतात, बाई!" आमच्या चौथीच्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं.

"बरं, मग चितळाची?"

इथं मात्र वर्गात दोन तट पडले. कुणी म्हणे गळतात, कुणी म्हणे छे! शेवटी मी खडू घेतला आणि फळ्यावर नियम लिहून दिला :

१. शिंग भरीव हाडाचं आणि फाटे फुटलेलं असेल, तर ते दरवर्षी गळतं. उदाहरणार्थ चितळ, सांबर.

२. शिंग पोकळ आणि बिनफाट्याचं असेल, तर ते जन्मभर टिकतं. उदाहरणार्थ बैल, शेळी, काळवीट.

नियम कसा सोपा, सुटसुटीत! मुलांनी वहीत उतरवून घेतला. मीही खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी वाचनालयातलं प्राण्यांचं पुस्तक घेऊन आली. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, तुमचा नियम चुकला!"

चित्रात होता प्राँगहॉर्न. हॉर्न म्हणजे शिंग आणि प्राँग म्हणजे जेवणाच्या काट्याला असतो तसा दाता. हा प्राणी उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ माळरानांवर राहतो. वायोमिंग राज्यात तर त्याचे मोठमोठे कळप आहेत. दिसायला हरणासारखा, पण तो चितळाच्या कुळातला नाही आणि काळविटाच्याही नाही. त्याचं कूळच वेगळं, आणि त्या कुळातला आज जिवंत असलेला हा एकटाच! पळायला लागला की ताशी ८० किलोमीटरच्याही पुढे जातो.

पण आपलं लक्ष आहे त्याच्या शिंगांकडे. ती डोळ्यांच्या बरोबर वर उगवतात. नराचं शिंग साधारण फूटभर लांब असतं. टोक मागे वळलेलं आणि मध्येच पुढच्या बाजूला एक दाता. मादीची शिंगं अगदी लहान असतात, काही माद्यांना तर नसतातच.

हे शिंग आतून कसं असतं? आधी बैलाचं शिंग आठवा. आत हाडाचा खुंट आणि त्यावर टोपणासारखं कडक कवच. हे कवच केराटिन नावाच्या पदार्थाचं असतं. आपली नखं आणि केसही त्याचेच. प्राँगहॉर्नचं शिंगही अस्संच! आत चपटा हाडाचा खुंट, वर केराटिनचं टोपण. म्हणजे शिंग पोकळ. नियमाप्रमाणे ते गळायला नको आणि त्याला फाटाही नको. पण त्याला फाटा आहे आणि ते दरवर्षी गळतंही!

गंमत अशी, की गळतं ते फक्त टोपण. हाडाचा खुंट जन्मभर जागेवर राहतो. शिवाय खुंटाला फाटा नसतोच. तो दाता असतो नुसत्या टोपणाचा.

आता या शिंगाचं वर्षभराचं वेळापत्रक पाहा. सप्टेंबरच्या सुमारास नरांच्या झुंजी होतात. त्या संपल्या की ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुनं टोपण सैल होतं. एक दिवस एक पडतं, मग दुसरं. मग आतलं हाड उघडं पडतं का? मुळीच नाही. खुंटावर केसाळ कातडी असते आणि तिच्या टोकावर नव्या शिंगाचा काळा कोंब आधीच तयार असतो! दुधाचा दात पडायच्या आत खाली नवा दात तयार होत असतो ना, तसंच. पुढे हा कोंब वर वाढत जातो आणि टोकाकडून बुडाकडे कातडीही हळूहळू कडक होत जाते. उन्हाळ्यात शिंग पुरं होतं. झुंजीत टोक मोडलं असलं तरी काळजी नाही. पुढच्या वर्षी कोरं करकरीत टोपण हजर!

फळ्यावरचा नियम पुसताना मला थोडी लाज वाटली. पण पुढे वाचल्यावर कळलं, की याच नियमापायी मोठमोठे शास्त्रज्ञही फसले होते. ही शिंगं गळतात, असं अमेरिकेतले शिकारी सांगत असत. पण ऑड्युबन आणि बाखमन या नामवंत निसर्ग-अभ्यासकांना ते पटलं नाही. कॅलिफोर्नियात कॅनफिल्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी ही शिंगं गळताना स्वतः पाहिली आणि १८५८ साली बेअर्ड या प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञांना तसं कळवलं. पण पोकळ शिंग गळणार कसं? बेअर्ड यांचा विश्वास बसला नाही. पत्र तसंच राहिलं.

मग १८६५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या प्राँगहॉर्ननं सगळ्यांच्या देखत शिंग टाकलं! तिथले अधीक्षक बार्टलेट यांनी ते नीट तपासून त्यावर लेख लिहिला. आता कोण नाही म्हणणार? पुढच्याच वर्षी कॅनफिल्ड यांची माहितीही छापली गेली.

पाहिलंत ना? नियम माणसानं लिहिलेला, शिंग मात्र प्राण्याच्या डोक्यावरचं. दोघांचं जुळलं नाही, तर नियम तपासायचा!

पुढे बेसुमार शिकारीमुळे या प्राण्यावर फार वाईट दिवस आले. १९२० नंतरच्या मोजणीत जेमतेम ३० हजार प्राँगहॉर्न उरले होते. शिकारीवर बंधनं आली, अभयारण्यं झाली, म्हणून आज त्यांची संख्या पुन्हा काही लाखांवर गेली आहे. ते वाचले नसते, तर हे अजब शिंग आपल्याला फक्त पुस्तकातच पाहावं लागलं असतं.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातली किंवा शेजारची गाय, बैल, शेळी जवळून पाहा. शिंगाला बुडाशी हलकेच हात लावून पाहा, पण मोठ्या माणसांना सोबत घेऊन हं! सहलीला प्राणिसंग्रहालयात गेलात, तर चितळ आणि काळवीट यांच्या शिंगांची चित्रं वहीत काढा आणि खाली तारीख घाला. काही महिन्यांनी पुन्हा जाऊन ताडून पाहा.

आणि पाहिलेलं फळ्यावरच्या नियमाशी जुळलं नाही, तर खुशाल हात वर करा. आमच्या वर्गात तरी अशा हाताला शाबासकीच मिळते!