वाडे गेले, पाणी राहिलं

नागझिरा अभयारण्याच्या वेशीवरच्या चोरखमाऱ्यात उभं राहून 'या मुलखाच्या राजाचा वाडा कुठं?' असं विचारलं, तर उत्तर लांबून येतं. आधी देवगडचं. गोंड राजांची ही राजधानी आज छिंदवाडा जिल्ह्यात, डोंगरावर पडझडीत उभी आहे. मग नागपूरचं. देवगडच्या बख्त बुलंद शाहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते वसवलं; पुढं भोसल्यांनी तिथं काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामानं नटलेला राजवाडा बांधला. 1864 साली तो जळाला. मोठा नगारखाना वाचला, आणि वस्तीचं नाव आजही 'महाल'च.

देवगडच्या किल्ल्यावर वाड्यांचे अवशेष पाहताना नजर खिळते ती मोतीटाक्यावर. एवढ्या उंचीवर पाणी साठवायचं, तर पावसाचा थेंब कुठून उतरतो हे आधी ओळखावं लागतं. हीच जाण खाली धानाच्या मुलखात तळ्यांच्या रूपानं पसरलेली दिसते. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधेल त्याला जमिनीचा हक्क मिळे, असं सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात कोण धरणार! नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीनं बुजवल्या आणि डोंगरच तळ्याच्या भिंती झाले! पाळीतून शेताला पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. पाणी जादा झालं, की पाळ न फोडता ते बाहेर नेणारी वाट म्हणजे सलांग. पाळ, तुडूम, सलांग: एवढ्या तीन शब्दांत एक अख्खं जलशास्त्र मावतं. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी, गेल्यावर हे 'माजी मालगुजारी' तलाव लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. किती गोड नाव!

चोरखमाऱ्याचा जलाशय त्या राजांच्या काळातला नव्हे. तो इंग्रज अमदानीत, 1923 साली पुरा झाला. तरी धरण मातीचंच, आणि युक्तीही जुनीच: उताराचं पाणी वाटेत अडवायचं आणि धानाला द्यायचं. कुठल्याही राजवाड्यापेक्षा मला हे बांधकाम मोठं वाटतं, कारण ते अजून कामाला येतं.

नागझिऱ्यात जायला चोरखमाऱ्याचं दार निवडाल, तेव्हा वाघाच्या ओढीनं थेट आत शिरू नका. आधी या पाण्याच्या काठी घटकाभर थांबा.