'भरणे', 'होणे' आणि छबिलदासचे सभागृह

मराठीत प्रदर्शन 'भरते' आणि नाटकाचा प्रयोग 'होतो'. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. 'काल नाटकाचा प्रयोग भरला' असे कोणी म्हणत नाही. 'प्रदर्शन झाले' असे म्हटल्यास ते संपले, पार पडले, असा अर्थ निघतो. शाळा, बाजार, जत्रा, दरबार, सभा यांच्यासाठीही 'भरणे' हेच क्रियापद योजले जाते. या सर्वांत एक ठराविक जागा आणि ती व्यापणारी माणसे वा वस्तू अभिप्रेत असतात. 'होणे' या क्रियापदाला जागेची अशी गरज नाही. त्याचा संबंध काळाशी आहे. नाट्यगृह भरते किंवा रिकामे राहते. प्रयोग मात्र दहा प्रेक्षकांपुढेही होतोच.

चित्रकला आणि रंगभूमी यांच्यातील भेद भाषेने असा नोंदवून ठेवला आहे. ज्या वास्तूत कलावंत राबतात, चित्रे मांडतात आणि नाटकेही करतात, अशा सामाईक वास्तूत हा भेद कितपत टिकतो, हे मुंबईतील दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेचे. एकोणीसशे पन्नास व साठच्या दशकांत तेथे म. फि. हुसेन, वासुदेव गायतोंडे, नसरीन मोहमदी आदी चित्रकारांना काम करण्यास जागा मिळाली होती. इब्राहिम अल्काझी यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेले 'थिएटर युनिट' त्याच आवारात वावरत असे, आणि विजया मेहता यांच्या 'रंगायन'लाही (१९६०) त्या वास्तूचा आसरा लाभला. साहजिकच चित्र पूर्ण होण्याआधीच ते नटांच्या दृष्टीस पडे आणि नाटकाची तालीम चित्रकारांच्या कानी जाई. चित्र भिंतीवर टांगले जाईपर्यंत ते 'होत' असते, ही गोष्ट कलादालनात जाणवत नाही. कार्यशाळेत ती लपवता येत नाही. ही वास्तू आज उरलेली नाही. रस्त्याला भुलाभाईंचे नाव आहे, परंतु त्या नावाने आज कोणाला रंग वा तालीम आठवत नाही.

दुसरे उदाहरण अधिक विस्ताराने पाहण्याजोगे आहे. 'रंगायन'मधून बाहेर पडलेल्या अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही संस्था काढली. स्वतःचे नाट्यगृह नसलेल्या या संस्थेला १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेतील सभागृह मिळाले. सुलभाताई त्या शाळेत शिक्षिका होत्या, हे त्यामागील एक साधे कारण होय. चळवळींच्या इतिहासात अशा साध्या कारणांना सहसा पुरेसे स्थान मिळत नाही. शाळा दिवसा भरे आणि संध्याकाळी त्याच वास्तूत प्रयोग होई.

त्या सभागृहात व्यावसायिक नाट्यगृहाची साधने नव्हती. खुर्च्या हलवता येत आणि बसण्याची मांडणी नाटकागणिक बदलता येई. अमोल पालेकर यांनी बादल सरकार यांच्या 'मिछिल'चा 'जुलूस' हा अवतार तेथे सादर केला, तेव्हा नट प्रेक्षकांमधूनच वावरले. मिरवणुकीला रंगमंच नको, रस्ता हवा. आणि रस्त्यावर बघ्यांची जागा ठरलेली नसते.

भाषेच्या अभ्यासकाला या निकटतेचा एक परिणाम विशेष मोलाचा वाटावा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील (१९१९) दीर्घ, अनुप्रासयुक्त वाक्ये ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची होती. त्या काळच्या संवादलेखनाचे अन्य हेतू होतेच, परंतु आवाजाची 'फेक' हा त्यातील एक अपरिहार्य घटक होता. वाक्याला तोल हवा, विरामाच्या जागा ठळक हव्यात, क्रियापद ऐकू येईल अशा ठिकाणी हवे. ज्या सभागृहात शेवटची रांगही नटापासून फार दूर नसते, तेथे या गरजा मावळतात. 'हो ना', 'बरं', 'तसं नव्हे गं', 'म्हणजे' यांसारखे निपात आणि अर्ध्यावर सोडलेली वाक्ये ऐकू येऊ लागतात. मोठ्या नाट्यगृहात पुटपुटणे हा नटाचा दोष मानला जातो. लहान सभागृहात पुटपुटण्यालाही अर्थ प्राप्त होतो. तेंडुलकरांची तुटक, अडखळती संवादशैली या सभागृहाच्या आधीची आहे, हे खरे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे नाटक तर एका गावातल्या रिकाम्या सभागृहातच घडते. परंतु त्या शैलीला तिच्या मापाची जागा छबिलदासमध्ये मिळाली, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

येथे 'प्रयोग' या शब्दाकडे वळणे भाग आहे. 'युज्' म्हणजे जोडणे, योजणे. नाट्यशास्त्रापासून 'प्रयोग' म्हणजे नाट्याचे प्रत्यक्ष सादरीकरण. मराठी व्याकरणात कर्ता, कर्म व क्रियापद यांच्या परस्परसंबंधालाही 'प्रयोग'च म्हणतात. आधुनिक शिक्षणाबरोबर रसायनशाळेतील प्रयोगही आला आणि त्यावरून 'प्रायोगिक रंगभूमी' हा शब्दबंध रूढ झाला. व्युत्पत्तीने पाहता तो पुनरुक्तीचाच एक प्रकार ठरतो, कारण प्रयोगाविना नाटक संभवत नाही. शिवाय 'प्रायोगिक' हे विशेषण करणाऱ्याचा हेतू सांगते, आणि हेतू कोणालाही जाहीर करता येतो. 'समांतर' हा पर्याय पुढे आला, पण तो दुसऱ्या कोणत्या तरी रेषेवर अवलंबून आहे. व्यावसायिक रंगभूमीचा उल्लेख केल्यावाचून त्याला अर्थच येत नाही.

नाट्यवर्तुळात प्रत्यक्षात रुजले ते निराळेच नाव. एका व्यक्तीचे नाव शाळेला मिळाले, शाळेचे सभागृहाला, सभागृहाचे तेथील नाटकांना, आणि अखेर 'छबिलदास चळवळ' असा प्रयोग रूढ झाला. लक्षणेचे इतके टप्पे ओलांडलेले विशेषनाम मराठीत क्वचितच आढळेल. दादरला खरेदीसाठी येणाऱ्याच्या लेखी हेच नाव एका गल्लीचे व तेथील बटाटावड्याचे आहे, आणि त्या अर्थाचा व्यवहार अधिक मोठा आहे. दोन्ही अर्थ एकमेकांना अडथळा न करता नांदतात. हे नाव हेतू सांगत नाही, केवळ ठिकाण सांगते. म्हणूनच 'प्रायोगिक' किंवा 'समांतर' यांहून ते अधिक प्रामाणिक मानावे लागते.

भाड्याच्या वा मैत्रीच्या जागेत वसलेल्या कलेचा धोका मात्र या नावातच दडलेला आहे. छबिलदासचा काळ सुमारे दोन दशकांचा. त्यानंतर 'आविष्कार'चे कार्य माहीमच्या महानगरपालिका शाळेतील सभागृहात सुरू राहिले. तेथेही तालमी झाल्या, प्रयोग झाले, नवे नट घडले. तथापि 'माहीम' या नावाला 'छबिलदास'सारखा अर्थ चिकटला नाही. एक तर ते अख्ख्या उपनगराचे नाव. आधीच्या अर्थांनी गच्च भरलेल्या शब्दात नव्या अर्थाला शिरकाव मिळणे कठीण असते. दुसरे असे की, जुहूचे पृथ्वी थिएटर (१९७८) आणि नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातील छोटे नाट्यगृह यांच्या रूपाने लहान नाटकाला तोवर खास बांधलेल्या जागा मिळाल्या होत्या. त्यांची सोय निर्विवाद आहे. पण खास नाटकासाठी बांधलेल्या जागेचे नाव नाटकाला लाभले, तर त्यात नवल ते काय! शाळेच्या नावाने नाटक ओळखले जाण्यासाठी शाळेलाही नाटकाकडून काहीतरी सोसावे लागते : सकाळी वर्ग भरण्यापूर्वी सर्व खुर्च्या पुन्हा जागेवर जाव्या लागतात.

पुण्यात महाराष्ट्र कल्चरल सेंटरच्या आश्रयाने 'सुदर्शन कलादालन' आणि 'सुदर्शन रंगमंच' अशी जोडी नांदली. तेथे एकाच संस्थेकडे प्रदर्शन भरे आणि प्रयोगही होई. दोन क्रियापदे, दोन दारे आणि पुष्कळदा तेच प्रेक्षक. चित्रे पाहण्यास आलेला मनुष्य नाटकाची वेळ होईपर्यंत रेंगाळला की त्याच्यापुरते तरी 'भरणे' आणि 'होणे' यांच्यातील अंतर एका तिकिटाइतके उरते.