दट्ट्याविना धावणारी मोटार

विहिरीवरचे ऑइल इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्यातला दट्ट्या टोकाशी थबकतो, पुन्हा उलटा धावतो. फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनात दट्ट्याऐवजी फुगीर भुजांचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या एका फेऱ्यात दांडा तीनदा फिरतो. खरी मेख रोटरच्या टोकांवरील पट्ट्यांत होती. त्या थरथरत, कवचावर ओरखडे पाडीत. हिरोशिमाच्या माझदा कंपनीत केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या पट्ट्या वापरल्या, तेव्हा कुठे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस आली. १९७८ च्या ‘आरएक्स-७’मध्ये हे आटोपशीर इंजिन पुढच्या आसामागे बसले, वजनाचा तोल साधला. १९८५ व १९९१ मध्ये नवे अवतार आले. (देखणा शेवटचाच!) पण लांबट, चपट्या ज्वलनकक्षात इंधन पुरते जळत नाही. धुराचे नियम कडक झाले आणि २००२ मध्ये उत्पादन थांबले.