ध्यान, द्वैत आणि ‘मी’

ध्यान करणारा एक आणि ज्याचे ध्यान करायचे ते दुसरे, ही विभागणी ध्यानाच्या पद्धतीत गृहीतच असते. मग द्वैतापासून सुरू झालेली साधना द्वैतापलीकडे नेईल कशी, असा आक्षेप घेतला जातो. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. आपल्यातले अनेकजण तेथे दहा दहा दिवस बसून येतात. म्हणून हा आक्षेप तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म ही अवलोकनाची चार क्षेत्रे सांगितली आहेत. साधक श्वासापासून आरंभ करतो. ‘मी’ श्वास पाहतो. हे द्वैतच आहे. पुढे गुडघ्यात कळ उठते. प्रथम ती ‘माझी’ असते. पाहता पाहता ताण, उष्णता, टोचणी असे तिचे घटक सुटे होतात. ते उठतात आणि विरतात. मग ‘मी पाहतो’ हा विचारही तसाच उठतो आणि विरतो, हे लक्षात येते. ज्याला पाहणारा मानले, तोच पाहण्याचा विषय ठरतो. त्याच्यामागे कायमचा मालक सापडत नाही. मज्झिमनिकायात तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. पैलतीरी पोहोचल्यावर तराफा डोक्यावर वाहायचा नसतो. पद्धतीतील द्वैतही तेवढ्यापुरतेच असते.

परंतु यावरून बुद्ध वेदान्तच सांगतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. अमरकोशात बुद्धाला ‘अद्वयवादी’ म्हटले आहे हे खरे. पण शांकर मतात द्वैत गळाल्यावर आत्मा ब्रह्मरूपाने उरतो, बुद्धाच्या मार्गात आत्माच उरत नाही. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ज्या ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य सर्वत्र एकच ब्रह्म सिद्ध करतात, त्याच भाष्याच्या अपशूद्राधिकरणात ते शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारतात. परमार्थात अभेद आणि व्यवहारात भेद, अशी ही सोय आहे. हे ब्रह्म समाजाच्या काय उपयोगाचे, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिडल्स’मध्ये रोखठोक विचारला आहे.

हीच कसोटी आपल्या ध्यानालाही लावली पाहिजे. शिबिरात ‘मी’ विरघळल्याचा अनुभव घ्यायचा आणि घरी येऊन सोयरीक जुळवताना पोटजात विचारायची, तर विरघळले काय? पोटजातीचा अभिमान हीसुद्धा ‘माझे’ म्हणून धरून ठेवलेली एक वेदनाच आहे. तिच्याकडे डोळे मिटून नव्हे, डोळे उघडून पाहावे लागते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी धम्म सामाजिक असल्याचे सांगितले आहे: एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती गरज निर्माण होते. म्हणून ध्यानाने द्वैत सरले की नाही, याचा निवाडा ध्यानकक्षात होत नाही. तो समोर दुसरा माणूस उभा राहतो तेव्हा होतो.